कानांनी पाहिलेल्या मालिका

1996 साली फिलिपिन्समध्ये आरपीएन-9 या वाहिनीवर 'मारीमार' नावाची मेक्सिकन मालिका सुरू झाली. वाहिनीची परिस्थिती तेव्हा बेताचीच होती. मार्कोस राजवटीत ती राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीतल्या एका उद्योगपतीची होती. 1986 च्या जनआंदोलनाने मार्कोस पळाले, वाहिनी सरकारच्या ताब्यात गेली आणि एबीएस-सीबीएन व जीएमए या दोन बड्या वाहिन्यांच्या सावलीत कशीबशी तग धरून राहिली. तिने परदेशातून एक तयार मालिका घेतली आणि तिच्यावर तागालोग या तिथल्या भाषेतले आवाज चढवले. नवी मालिका स्वतः काढण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं, आणि हिशेब बहुधा तेवढाच असावा.

मालिका मेक्सिकोच्या तेलेविसा कंपनीची, 1994 सालची. नायिका मारीमार समुद्रकाठच्या झोपडीत आजी-आजोबांजवळ वाढलेली, अनवाणी फिरणारी, जगाचा वारा न लागलेली पोर. नायक सर्जिओ सांतिबान्येझ जमीनदाराचा मुलगा आणि फुटबॉलपटू. त्याची सावत्र आई अँजेलिका ही कथेतली जहाल बाई. ती मारीमारला चिखलात पडलेला दागिना दातांनी उचलायला लावते आणि पुढे तिच्या घराला आग लावण्याची व्यवस्थाही करते. आजी-आजोबा त्या आगीत जातात. मग मारीमारचा श्रीमंत बाप सापडतो, ती बेला आल्दामा या नावाने उंची कपड्यांत परत येते आणि सगळ्यांचे हिशेब चुकते करते. शिवाय या कथेत एक कुत्राही आहे, आणि त्याच्या मनातलं बोलणं प्रेक्षकांना ऐकू येतं.

फिलिपिन्सने या मालिकेसाठी जीव टाकला. मालिकेच्या वेळी रस्ते ओस पडत अशा आठवणी तिथले लोक अजून सांगतात. नायिका थालिया मनिलाला आली तेव्हा तिला पाहायला झुंबड उडाली. 1997 मध्ये तिने 'नान्दितो आको' नावाचा अल्बम काढला. त्यातलं शीर्षकगीत तागालोग भाषेतलं, ओगी अल्कासिद या फिलिपिनो गायकाने आधी गाजवलेलं. थालियाला तागालोग येत नव्हतं, पण तोवर प्रेक्षकांना ती रोज तागालोगमध्येच बोलताना दिसत होती. गाण्यात तिचा खरा गळा ऐकू आला आणि मालिकेतला गळा दुसऱ्याच बाईचा होता, याचं कोणाला काही वाटल्याचं दिसत नाही.

असं वेड का लागलं, याचं एक उत्तर लगेच हाताशी येतं: मेक्सिको आणि फिलिपिन्स ही चुलत भावंडंच आहेत. हे उत्तर खोटं नाही. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं मनिला आणि आकापुल्को या बंदरांमध्ये स्पेनची गलबतं ये-जा करत होती. 1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र होईपर्यंत फिलिपिन्सचा कारभार स्पेन मेक्सिकोमार्फतच चालवत असे. मनिलातल्या कियापो चर्चमधला काळा नाझारेनो, ज्याच्या मिरवणुकीला दर जानेवारीत अलोट गर्दी लोटते, तो मेक्सिकोतून आलेला. मेक्सिकोच्या ग्वादालुपेच्या मारियाला पोपने 1935 मध्ये फिलिपिन्सचीही संरक्षक देवता ठरवलं. त्यामुळे मालिकेतली नायिका संकटात मारियाच्या तसबिरीपुढे गुडघे टेकते, तेव्हा मनिलातल्या बाईला ते समजावून सांगावं लागत नाही. मोठी जमीन, तिचा एक मालक आणि त्याच्या दारात राबणारी शंभर कुटुंबं, ही रचनाही ओळखीची. नेग्रोस बेटावरच्या उसाच्या मळ्यांना आजही 'हासिएन्दा' म्हणतात. आडनावांचा मामला तर आणखी गमतीचा आहे. 1849 मध्ये गव्हर्नर जनरल क्लाव्हेरियाने फर्मान काढून आडनावांची एक जंत्रीच गावोगाव धाडली आणि लोकांना त्यातून स्पॅनिश आडनावं वाटली गेली. म्हणून 'सांतिबान्येझ' हे नाव फिलिपिनो कानाला शेजाऱ्याच्या दारावरच्या पाटीसारखं वाटतं.

तरी हे उत्तर अर्धंच आहे, असं माझं मत. इतिहासानेच मालिका चालत असत्या, तर सात वर्षांनी त्याच देशात तैवानची मालिका मारीमारइतकीच गाजायला नको होती. तैवानचा आणि फिलिपिन्सचा ना धर्म एक, ना राज्यकर्ता एक, ना आडनावं सारखी. त्यानंतर कोरियन मालिकांनी तर तिथल्या संध्याकाळी आणि दुपारी दोन्ही काबीज केल्या. या तिघांमध्ये समान असं काही असेल तर ते पडद्यावर दिसणारं नाही. ते ऐकू येणारं आहे.

'मारीमार'च्या मूळ कथेचा उगम याला पुष्टी देतो. ती कथा इनेस रोदेना या क्यूबन लेखिकेची. तिने ती रेडिओसाठी लिहिली होती. थालियाच्या 'मारिया मर्सेडेस' आणि 'मारिया ला देल बारिओ' या मालिकांचं मूळही तिच्याच लेखनात आहे. क्यूबामध्ये ऐकण्याची परंपरा जुनी. हवाना शहरातल्या सिगार कारखान्यांत 1865 च्या सुमारास एक प्रथा पडली: कामगार तंबाखूची पानं वळत बसलेले असायचे आणि उंच बाकावर बसलेला वाचक त्यांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायचा. पुढे रेडिओ आला, आणि 1948 मध्ये फेलिक्स काइन्येतची 'एल देरेचो दे नासेर' ही श्राव्यमालिका एवढी गाजली की तिच्या आवृत्त्या लॅटिन अमेरिकेत देशोदेशी निघाल्या. तेलेविसाने नंतरच्या काळात रोदेनाच्या अशा रेडिओकथा उचलून त्यांना चेहरे दिले. पण चेहरे दिल्याने कथेचा स्वभाव बदलत नाही. या मालिकांत काहीही महत्त्वाचं घडलं की ते कोणीतरी बोलून दाखवतं. खलनायिका आरशापुढे उभी राहून आपला बेत स्वतःलाच ऐकवते. नायक पत्र वाचतो ते मोठ्याने. आई मुलाला जे सांगते ते त्याला आधीच ठाऊक असतं, पण कालचा भाग चुकलेल्या बाईला ठाऊक नसतं. टीकाकार याला कृत्रिमपणा म्हणतात. पण हे लेखन कानासाठीच झालेलं आहे. हात कामात आणि डोळे भाजीवर असलेल्या माणसाला समजावं म्हणून ते असं आहे.

आता त्याच काळात फिलिपिन्समध्ये काय चाललं होतं ते पाहू. तिथली पहिली गाजलेली रेडिओमालिका 'गुलोंग नांग पालाद' 1949 मध्ये सुरू झाली, म्हणजे काइन्येतच्या मालिकेनंतर एका वर्षात. दोन्हीकडे जाहिरातीचा पैसा आला तो मुख्यतः साबण आणि दंतमंजन विकणाऱ्या अमेरिकी कंपन्यांचा, आणि दोन्हीकडे त्यांना गृहिणींचे कान हवे होते. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत डीझेडआरएच आणि इतर केंद्रांनी तागालोग श्राव्यनाट्याची एक पक्की शैली घडवली. रडण्याची एक तऱ्हा, दात खाऊन बोलण्याची एक, प्रेमात पडलेल्या मुलीचा श्वास घेण्याची एक. 'तिया देली' या नावाने प्रसिद्ध असलेल्या डेली माग्पायोचा आवाज देशभर घरच्या माणसाचा मानला जाई. लाखो लोकांना चेहऱ्याशिवाय माणूस ओळखायची सवय झाली होती. 'मारीमार' आली ती या सवयीच्या घरात. क्यूबाच्या रेडिओवर जन्मलेली कथा मेक्सिकोच्या पडद्यावरून फिरून पुन्हा एका रेडिओप्रेमी देशात उतरली, आणि तिला बोलायला मिळाले ते रेडिओच्या शाळेत घडलेल्या शैलीतले आवाज. माझ्या मते तिच्या यशाचा मोठा वाटा इथे आहे.

भाषेचा मुहूर्तही बरोबर साधला होता. मनिलाच्या टीव्हीवर कित्येक वर्षं अमेरिकी मालिका इंग्रजीत, जशाच्या तशा लागत. शाळेत इंग्रजी शिकलेल्या फिलिपिनोला त्या समजत, पण समजणं वेगळं आणि त्यात जीव गुंतणं वेगळं. बातम्याही प्रतिष्ठेच्या वेळी इंग्रजीतच असत. मार्कोस गेल्यावर वारं फिरलं. मार्च 1987 मध्ये एबीएस-सीबीएनने 'टीव्ही पॅट्रोल' हे तागालोग बातमीपत्र सुरू केलं आणि रस्त्यावरच्या भाषेत बातमी देता येते, एवढंच नव्हे तर तीच जास्त पाहिली जाते, हे दाखवून दिलं. त्याच वर्षीच्या राज्यघटनेने तागालोगवर बेतलेली 'फिलिपिनो' ही राष्ट्रभाषा म्हणून कायम केली. नऊ वर्षांनी 'मारीमार' इंग्रजी आवाजात आली असती तर ती मकाती भागातल्या काही घरांत पाहिली गेली असती आणि विसरली गेली असती. तागालोगमध्ये आल्यामुळे ती मोलकरणीने आणि मालकिणीने एकाच खोलीत पाहिली.

मोलकरीण आणि मालकीण असं मी उगाच म्हटलं नाही. फिलिपिनो मध्यमवर्गीय घरांतसुद्धा कामाला राहणारी मुलगी असते. ती बहुधा खेड्यातून, दूरच्या बेटावरून आलेली असते. चिखलातून दागिना उचलणारी नायिका पाहताना मालकीण हळहळते आणि कामवाली मनातल्या मनात पुढच्या महिन्याची, म्हणजे सूडाच्या भागांची, वाट पाहते. ही कथा मनिलाच्या जवळच्याच एखाद्या उसाच्या मळ्यावर घडती, तर प्रश्न लगेच जमिनीचा आणि राजकारणाचा झाला असता. 1988 चा जमीनसुधारणा कायदा, त्याची रखडलेली अंमलबजावणी, खासदारांच्या घराण्यांच्या जमिनी, हे सगळं बैठकीच्या खोलीत येऊन बसलं असतं. मेक्सिकोच्या हासिएन्दावर मात्र कितीही अन्याय दाखवा, कोणाच्या सासऱ्याला तो लागत नाही. परकेपणाचा हा फायदा आहे. भाषा जवळची आणि जागा लांबची, असा मेळ डबिंगमध्येच जमतो.

काम कसं चालतं तेही सांगायला हवं, कारण या सगळ्यात ज्यांनी मेहनत केली ते पडद्यावर दिसत नाहीत. परदेशातून मालिका येते तेव्हा संवाद एका पट्टीवर आणि संगीत, दारांचे आवाज, पावलं दुसऱ्या पट्टीवर असतात. पहिली काढून टाकायची आणि दुसरी ठेवायची. अनुवादक संहिता करतो, पण तो नुसता अर्थ उतरवत नाही. त्याला ओठ मोजावे लागतात. कॅमेरा जवळ असेल तर 'प', 'ब', 'म' यांना मिटणारे ओठ जिथे दिसतील तिथे तसाच एखादा वर्ण यावा लागतो. कॅमेरा लांब असेल किंवा पात्र पाठमोरं असेल तर त्याला मोकळं रान. वाक्य छोटं पडलं तर तागालोगकडे 'नामान', 'ङा', 'पाला' असे छोटे शब्द भरपूर आहेत. ते पेरले की ओठांची भरपाई होते आणि बोलणंही खरं वाटतं. मग आवाज देणारे, तिथल्या बोलीत 'डबर', काचेमागच्या खोलीत उभे राहतात, पडद्यावर डोळे, हातात कागद. एकच बाई नायिकेची मैत्रीण, दवाखान्यातली नर्स आणि रस्त्यावर ओरडणारी भाजीवाली होते. 'मारीमार'मध्ये तर एकाला कुत्राही व्हावं लागलं.

या खोलीत आणखी एक गोष्ट घडते. तागालोगमध्ये मोठ्या माणसाशी बोलताना वाक्यात 'पो' घालावा लागतो. तो न घातला तर बोलणारा उर्मट ठरतो, अगदी आपल्याकडे सासऱ्याला 'अरे' म्हणावं तसा. स्पॅनिश संहितेत आदर-अनादराचे धागे वेगळे असतात, त्यामुळे 'पो' कुठे येणार आणि कुठे मुद्दाम गळणार हे मनिलात ठरतं. मारीमार अँजेलिकाशी 'पो' लावून बोलते आणि बेला झाल्यावर तो गळतो, एवढ्यानेच प्रेक्षकाला कळतं की आता काही खैर नाही. मूळ दिग्दर्शकाला हा हिशेब ठाऊकही नसेल. डब केलेली मालिका ही मूळ मालिकेची सावली असते, असं लोक समजतात. इथे तिच्यात एक अधिकचा पदर शिवला जातो.

2003 मध्ये एबीएस-सीबीएनने 'मेटिऑर गार्डन' आणली. योको कामिओच्या जपानी चित्रकथेवरून तैवानमध्ये 2001 साली केलेली ही मालिका. गरीब शान त्साय श्रीमंतांच्या कॉलेजात जाते आणि तिथल्या चार लाडावलेल्या, देखण्या पोरांच्या टोळीशी तिचं वाजतं. टोळीचं नाव एफ-फोर. कथा पुन्हा तीच: पैसेवाला मुलगा, कणखर मुलगी आणि मुलाची आई नावाची भिंत. पण आता चर्च नव्हतं, हासिएन्दा नव्हती, आडनावं ओळखीची नव्हती. तरी शाळा-कॉलेजातल्या मुलामुलींनी ती डोक्यावर घेतली. नायिका बार्बी शू त्याच वर्षी मनिलाला आली तेव्हा पुन्हा थालियाच्या वेळचे देखावे दिसले. 2025 च्या फेब्रुवारीत ती गेली, तेव्हा तिशी-चाळिशीतल्या फिलिपिनो बायका आपल्या कॉलेजच्या दिवसांसाठी रडल्या. संवाद तागालोग, पण हार्लेम यूने गायलेलं मालिकेचं शीर्षकगीत मात्र मंदारिनमध्येच ठेवलं होतं. मुलांनी ते रोमन लिपीत उतरवून घेतलं आणि अर्थ न कळता पाठ केलं. डबिंगचा हा एक शहाणपणाचा नियम दिसतो: ज्यावर जीव जडायचा ते घरच्या भाषेत द्यावं आणि ज्याने परदेशाची हवा राहायची ते परकंच ठेवावं.

कोरियन मालिकांनी या नियमाची परीक्षा पाहिली. जीएमएने 2003 मध्ये कोरियन मालिका आणायला सुरुवात केली आणि एक नामी युक्ती वापरली: पात्रांची नावंच बदलली. 'ऑटम इन माय हार्ट'मधली जोडी जेनी आणि जॉनी झाली. 'फुल हाउस'मधले जस्टिन आणि जेसी. 'स्टेअरवे टू हेवन'मधले चोलो आणि जोडी. एबीएस-सीबीएननेही 'लव्हर्स इन पॅरिस'च्या नायक-नायिकेला कार्लो आणि व्हिव्हियन केलं. सोल शहरात बर्फ पडतोय, पात्रं हातात सोजूचा पेला धरून बसली आहेत आणि एकमेकांना चोलो म्हणताहेत. हे वाचताना हसू येईल, पण पाहणाऱ्याला ते दोन भागांत पचतं. कोरियन नावं कानाला सारखी वाटतात, आणि रोज अर्धा तास इकडेतिकडे करत पाहणाऱ्या बाईला कोण कोणाचा हे पहिल्या आठवड्यातच लक्षात राहायला हवं. 'ज्यूएल इन द पॅलेस'मध्ये मात्र राजदरबारातल्या जांग-गुमचं नाव जांग-गुमच राहिलं. इतिहासातल्या माणसाला जेनी म्हणायला जीएमएलाही जड गेलं असावं.

मराठी वाचकाला कोरियन डबिंगमधली एक अडचण इतरांपेक्षा लवकर कळेल. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकारही बहुधा शेवटीच, अगदी आपल्यासारखा. 'मी तुला विसरू शकत...' इथे नायक थांबतो, डोळे भरतात, आणि मग 'नाही' येतं. त्या थांबण्यावर नटाचा सगळा अभिनय उभा असतो. तागालोगमध्ये क्रियापद पुढे आणि नकार त्याच्याही पुढे. वाक्याच्या पहिल्याच शब्दाला गुपित फुटतं आणि नटाचे डोळे मात्र तीन सेकंदांनी भरतात. अशा जागी चांगला अनुवादक वाक्यच मोडतो. आधी एखादं बिनमहत्त्वाचं अर्धवाक्य घालतो, श्वास घेतो आणि खरं वाक्य शेवटच्या क्षणी सोडतो. वाईट अनुवादक शब्दाला शब्द ठेवतो आणि प्रसंग फुकट घालवतो. मेक्सिकन मालिकांत ही डोकेदुखी कमी होती, कारण स्पॅनिशमध्येही नकार लवकरच येतो.

आपल्या देशाचा या गोष्टीशी एक जुना संबंध आहे, आणि तो एका मराठी माणसामुळे आहे. माहिती आणि प्रसारण मंत्री असताना वसंत साठे 1982 मध्ये मेक्सिकोला गेले होते. तिथे मालिकांमधून कुटुंबनियोजन आणि साक्षरतेचा प्रचार करण्याचे प्रयोग मिगेल साबिदो यांनी केले होते. त्यातून भारतात अशी मालिका काढण्याची कल्पना निघाली, आणि 1984 मध्ये दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशींनी लिहिलेली 'हम लोग' सुरू झाली. म्हणजे मेक्सिकोची तीच परंपरा फिलिपिन्सच्या बारा वर्षं आधी आपल्याकडे आली, पण आपण कथेचा सांगाडा घेतला आणि माणसं आपली घातली. पुढेही तेच झालं. कोलंबियाची 'बेट्टी ला फेआ' 1999 ची. तिच्यावरून 2003 मध्ये सोनी वाहिनीवर 'जस्सी जैसी कोई नहीं' आली, ती पूर्ण नव्याने, दिल्ली-मुंबईच्या वातावरणात. फिलिपिन्सनेही 2008 मध्ये बेट्टीची आपली आवृत्ती केली. पण मूळ मालिका डब करून आधी जेवढी पचवायची तेवढी पचवायची आणि मग स्वतः करायची, हा क्रम तिथला. आपल्याकडे मोठी बाजारपेठ होती, नट होते, पैसा होता, त्यामुळे परकी माणसं घरात घ्यायची गरज पडली नाही. त्यात आपला फायदाच झाला, असं मी छातीठोक म्हणणार नाही.

फिलिपिनो मालिकाउद्योगाचं यातून नुकसान झालं का? तिथे हा वाद जुना आहे. 'मारीमार'च्या लाटेनंतर मोठ्या वाहिन्या खडबडून जाग्या झाल्या. एबीएस-सीबीएनने थालियाची 'मारिया मर्सेडेस' आणली, पण 1997 मध्ये ज्युडी अॅन सांतोसला घेऊन 'एस्पेरान्सा'ही काढली आणि 2000 मध्ये 'पांगाको सा यो'. या मालिकेपासून 'तेलेसेरिये' हा शब्द रूढ झाला. तिच्यात दोन घराण्यांचं वैर आहे, मोलकरीण म्हणून राबलेली आई आहे, सूड आहे. मेक्सिकन मसाला ओळखू येतो, तरी पदार्थ फिलिपिनोच झालेला आहे. म्हणून मला तरी ही स्पर्धा उपकारक वाटते. डबर मंडळींची अवस्था मात्र तशी नाही. एवढी वर्षं घराघरांत बोलणाऱ्या या लोकांची नावं फार थोड्यांना माहीत आहेत. मनिलाच्या बसमध्ये जेसीचा आवाज शेजारी बसला तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

2022 च्या ऑक्टोबरमध्ये सिनेटर जिंगॉय एस्त्रादा यांनी अंदाजपत्रकाच्या सुनावणीत कोरियन मालिकांवर बंदी घालण्याचा विचार बोलून दाखवला. आपले नट कामावाचून राहतात आणि आपण कोरियन नटांची कीर्ती गातो, असा त्यांचा सूर. गदारोळ झाल्यावर त्यांनी सारवासारव केली की आपण ते वैतागून बोललो. एस्त्रादा हे स्वतः नट, त्यांचे वडील जोसेफ एस्त्रादा तर नायकाच्या भूमिकांवरून राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचलेले. पोटतिडीक खरी असेल, पण बंदी घालायची कशावर? कथा कोरियन असली तरी आवाज मनिलाचा आहे.

खरी टीका करायची तर ती दुसऱ्याच गोष्टीवर करता येईल, आणि ती दिसण्याची आहे. थालिया गोरी, तैवानची पोरं गोरी, कोरियन नायक-नायिका तर काचेसारख्या त्वचेच्या. गव्हाळ फिलिपिनो मुलीला रोज तिच्याच भाषेत रडणारे आणि हसणारे गोरे चेहरे दिसतात, आणि मधल्या जाहिरातींत त्वचा उजळवण्याचे साबण. जीएमएने 2007 मध्ये 'मारीमार' पुन्हा केली, तेव्हा नायिका म्हणून मारियन रिवेराला घेतलं. तिचा जन्म माद्रिदचा, वडील स्पॅनिश, आई फिलिपिनो. अनवाणी कोळ्याच्या पोरीसाठीसुद्धा युरोपी छटेचाच चेहरा लागला. सर्जिओ झालेला डिंगडाँग दांतेस पुढे खरोखर तिचा नवरा झाला, आणि देशाने तेही मालिकेसारखंच पाहिलं. त्या आवृत्तीत सांतिबान्येझ आणि आल्दामा ही नावं तशीच ठेवली होती. बदलायची गरजच नव्हती. क्लाव्हेरियाच्या जंत्रीने ते काम 1849 मध्येच करून ठेवलं होतं.

तागालोगचा हा विजय सगळ्यांना सारखाच सुखाचा वाटतो असंही नाही. देशात शंभराहून कितीतरी अधिक भाषा बोलल्या जातात. सेबू आणि मिंदानाओमधल्या कोट्यवधी लोकांची घरची भाषा सेबुआनो आहे. त्यांच्यासाठी मारीमारही परकी आणि तिची भाषाही शिकलेली. पण राष्ट्रभाषा पाठ्यपुस्तकाने जेवढी पसरवली नसेल तेवढी थालियाच्या आणि जांग-गुमच्या तोंडून पसरली असावी. सेबूतल्या मुलीला रुसवा तागालोगमध्ये कसा काढायचा हे शाळेने कधी शिकवलं नव्हतं.

2020 च्या टाळेबंदीत चित्र थोडं बदललं. मे महिन्यात एबीएस-सीबीएनचा प्रसारण परवाना संपला आणि वाहिनी बंद पडली. जुलैमध्ये संसदेच्या समितीने नवा परवाना नाकारला. त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर 'क्रॅश लँडिंग ऑन यू' गाजत होती, मूळ कोरियन आवाजात, खाली इंग्रजी ओळी. तरुण, शिकलेली, स्वस्थ बसून पाहायला वेळ असलेली मंडळी तिकडे वळली. डब केलेलं पाहणं त्यांना आता गावंढळ वाटू लागलं. खऱ्या नटाचा खरा आवाज ऐकावा, असा त्यांचा आग्रह. तो रास्त आहे. पण इंग्रजी ओळी वाचायला डोळे मोकळे लागतात, आणि इस्त्री करणाऱ्या, कपडे वाळत घालणाऱ्या, टपरीवर गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या माणसाकडे ते नसतात. जीएमएच्या दुपारच्या डब मालिका या लोकांसाठी चालूच राहिल्या.

मधल्या काळात उलट्या दिशेचा प्रवासही झाला. एबीएस-सीबीएनची 2015 ची 'ब्रिजेस ऑफ लव्ह' ही दोन भावांची आणि त्यांना आवडणाऱ्या एकाच मुलीची गोष्ट. पेरू देशातल्या पानामेरिकाना वाहिनीने 2016 मध्ये ती 'पुएन्तेस दे आमोर' या नावाने दाखवली. जेरिको रोसालेस आणि पावलो आवेलिनो तिच्यात स्पॅनिश बोलतात, अर्थात दुसऱ्याच्या गळ्याने.